ओला कोळसा आणि रविवारचं मटण

पार्श्वभूमी

माझ्या मित्राचं हे घर नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८०च्या दशकात आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका चौकाभोवती, आणि तो चौक जेमतेम ८ मीटर लांब, तेवढाच रुंद. एका घरात फोडणी पडली की सातही घरांना कळतं. प्रत्येक घराला स्वतःचं छोटं अंगण आहे, पण तेही चौकालाच लागून. पुढे मटण धुरावर शिजवताना जे घडलं त्यात या रचनेचा वाटा मोठा आहे, म्हणून सुरुवात तिथून. घर ओळखू येऊ नये यासाठी नावं आणि काही बारीक तपशील गाळले आहेत.

माझ्या मित्राने मे महिन्यात कोळशावरचा वॉटर स्मोकर घेतला. उभा, पिंपासारखा. तळाला कोळशाची जाळी, तिच्यावर पाण्याचं पसरट भांडं, त्याच्यावर एकावर एक दोन जाळ्या आणि वर घुमटासारखं झाकण. हवा आत यायला खाली तीन झडपा, धूर बाहेर जायला झाकणावर एक. कोळसा सावकाश जळतो, पाणी उष्णता पिऊन घेतं, आणि आतलं तापमान तासन् तास १०५ ते १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. एवढ्या मंद आचेवर चिवट मांससुद्धा मऊ पडतं आणि धुराचा स्वाद त्यात मुरतो.

मे महिन्यात त्याने दोनदा कोंबडी केली, ती छान झाली. मग पाऊस आला. पाठोपाठ श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. घरात मांसाहार जवळजवळ बंदच होता. स्मोकर आच्छादन घालून कोपऱ्यात उभा राहिला आणि वखारीतून आणलेलं बाभळीच्या कोळशाचं अर्धं पोतं मागच्या पडवीत भिंतीला टेकून राहिलं. त्या पोत्याकडे पाच महिने कोणी पाहिलं नाही.

दसरा आणि कोजागिरीच्या मधल्या रविवारी आईवडिलांच्या लग्नाला ४० वर्षं होत होती. दुपारच्या जेवणाला २१ माणसं. बेत असा: बकऱ्याचा मागचा अख्खा पाय म्हणजे रान, २ किलो २०० ग्रॅम, पुढचा पाय म्हणजे फरा, १ किलो ४०० ग्रॅम, आणि दोन कोंबड्या, कातडीसकट, मधोमध चिरलेल्या. जोडीला तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, भात. जेवण दीड वाजता. सकाळी पावणेसातला मटण चढवलं की साडेसहा तासांत होईल, असा त्याचा हिशोब.

वडील मूळचे पेणकडचे. लहानपणापासून थंडीत पोपटी लावत आलेले. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडकं पालथं आणि भोवती जाळ. पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत. स्मोकरमध्ये पाण्याचं भांडं बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पाणी कशाला रे? उकडायचंय का?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं नीट उत्तर मुलाकडे नव्हतं.

अडचण

सकाळी सहाला कोळसा पेटवायला घेतला. तो धरेना. कागद झाले, पुठ्ठ्याने वारा घालून झाला. पेटला तेव्हा तडतडत, ठिणग्या उडवत पेटला. मित्राला वाटलं, जोरात पेटला. पावणेसातला मटण आत गेलं. पेरूच्या लाकडाचे चार ठोकळे त्याने रात्रभर पाण्यात भिजवून ठेवले होते, म्हणजे धूर जास्त निघेल, असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. तेही निखाऱ्यांवर ठेवले. पाण्याचं भांडं नळाच्या गार पाण्याने काठोकाठ भरलं, साधारण ५ लिटर.

सात वाजता झाकणावरच्या थर्मामीटरचा काटा ८० वर होता. हलत नव्हता. झाकणातून पांढराशुभ्र, दाट, डोळे चुरचुरवणारा धूर येत होता. पहाटे पारसिकच्या डोंगराखाली वारा पडलेला असतो. खाडीकडून येणारा वारा सुटायला दुपार उजाडते. त्यामुळे धूर वर न जाता चौकात साचला. समोरच्या घरातल्या आजींना दमा आहे. सव्वासातला त्यांच्या खोकल्याचा आवाज चौकात ऐकू यायला लागला आणि त्यांची सून दारात आली. भांडायला नाही, विनवायला.

मित्र घाबरला आणि त्याने धूर कमी व्हावा म्हणून झाकणावरची झडप अर्धी लावली. इथून गोष्टी जास्त बिघडल्या. वरची झडप लावली की धूर निघायचा थांबत नाही, तो आत कोंडतो. बाहेर जायला वाट नाही म्हणून खालून हवाही येत नाही, कोळसा आणखी गुदमरतो, अर्धवट जळतो आणि आणखी धूर देतो. काटा ७० वर आला.

पावणेआठला त्याचा फोन आला. "दादा, विझवून टाकू का सगळं?" मी ऐरोलीला राहतो. कोरडा कोळसा आणि तो पेटवायची चिमणी, म्हणजे लोखंडी नळकांडं, गाडीत टाकली आणि आठ वीसला पोचलो.

पोचल्यावर काय दिसलं

आधी मी पोत्यातले दोन कोळसे घेऊन एकमेकांवर वाजवले. चांगला कोरडा कोळसा काचेसारखा खणखणतो. हे दोन तुकडे मातीच्या ढेकळांसारखे ठप्प वाजले. पोत्याच्या तळाचा तागही हाताला गार, ओलसर लागला. कोळसा हवेतली ओल ओढून घेतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पाच महिने उघडा राहिलेला कोळसा कोरडा राहणं शक्यच नव्हतं.

म्हणजे ओल तीन ठिकाणी होती: कोळशात, लाकडात आणि पाण्याच्या भांड्यात. त्यातली भांड्यातली तेवढी हवी होती, आणि तीही प्रमाणाबाहेर आणि गार. गार पाणी उकळीला यायला लागते त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. भांड्यातलं पाणी मांसाला शिवत नाही. ते १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि कोळशाचा जाळ मध्येच भडकला तर जास्तीची उष्णता वाफ होण्यात खपवतं. तापमान टिकवायला ते उत्तम. पण ज्या विस्तवाला स्वतःची ओलच अजून सुकवता आली नाही, त्याच्यावर ५ लिटर गार पाण्याचा भार टाकला तर तो उठणार कसा?

भिजवलेल्या लाकडाबद्दलही सांगतो, कारण हा समज फार पसरलेला आहे. ओलं लाकूड जास्त धूर देत नाही. आधी पाण्याची वाफ देतं, मग निखारा गार करतं, आणि त्यातून जो पांढरा धूर येतो तो अर्धवट जळालेला असतो. त्याचा थर मांसावर चिकट, काळपट बसतो आणि चव कडवट होते. रानाच्या एका बाजूला मी बोट फिरवलं तर डांबरासारखा डाग आला. हवा असतो तो विरळ, निळसर धूर. उन्हात तो जवळजवळ दिसतही नाही.

मांसाच्या आतलं तापमान ३१ अंश होतं. आणि एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती: मसाला मुरावा म्हणून रानाला रात्री सुरीने खोल टोचे मारले होते. अखंड तुकड्यात जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तो लवकर तापतो. टोचे मारले की ते आत पोचतात. मांस ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात एकूण चार तासांहून जास्त राहू देऊ नये, हा नियम मी एरवीही पाळतो, आणि इथे तर त्यात जराही सूट घेता येत नव्हती. मटण फ्रिजमधून सव्वासहाला बाहेर आलं होतं. म्हणजे सव्वादहाच्या आत त्याचा गाभा ६० च्या वर जायला हवा होता. कोंबडी अजून फ्रिजमध्येच होती, हे नशीब.

सकाळचे पर्याय

अंगणात उभं राहून आम्ही चार गोष्टी बोललो.

पहिली, सगळं विझवून मटण सरळ कुकरमध्ये. सुरक्षित आणि वेळेत. माणसं जेवली असती आणि कुणाला काही कमी वाटलं नसतं.

दुसरी सुचवली मित्राच्या मेव्हण्याने: स्मोकर उचलून बाजूच्या बंद गॅरेजमध्ये न्यायचा आणि शटर अर्धं ओढायचं, म्हणजे धूर आजींकडे जाणार नाही. याला मी साफ नाही म्हटलं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो माणसाला कळायच्या आत मारतो. बंद गॅलरी, गॅरेज, जिना, पत्र्याची शेड यांत कोळसा पेटवायचाच नाही, दार अर्धं उघडं असलं तरी.

तिसरी, हाच कोळसा झडपा पूर्ण उघडून तापू द्यायचा. तासाभरात तो सुकला असता, पण त्या तासभर आजींच्या घरात धूर गेला असता.

चौथी, मांस बाहेर काढून विस्तव नव्याने, कोरड्या कोळशाने लावायचा.

चौथी निवडली. खरं सांगायचं तर पहिल्या पर्यायाकडे माझा कल होता. २१ माणसांचं जेवण आणि टोचे मारलेलं मांस यात धोका पत्करण्यासारखं काही नव्हतं. मन वळलं ते घरात ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, निघाला म्हणून. नव्याने पेटवेपर्यंतची पाऊणेक तासाची पोकळी त्यामुळे भरता येणार होती.

कृती

ओटीजी १५० अंशांवर तापवला. रान त्यात मावेना, तेव्हा वडिलांनी कोयत्याने नळीचं टोक तोडलं. एका घावात. काळपट झालेली बाजू गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घेतली आणि दोन्ही तुकडे आत गेले.

ओला कोळसा चिमट्याने लोखंडी घमेल्यात काढला आणि घमेलं चौकाबाहेर, रस्त्याकडेला नेऊन पाण्याने पूर्ण विझवलं. मित्र आजींच्या घरी गेला, झालं ते सांगितलं, माफी मागितली. सुनेने चौकाकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि आजींना मागच्या खोलीत नेलं. मी त्याला म्हटलं होतं की पुन्हा पांढरा धूर निघाला तर पाच मिनिटांत विझवायचं, चर्चा करायची नाही. हे त्याने आजींनाही सांगितलं.

नवा विस्तव वरून खाली जळेल असा रचला. कोरडा, न पेटलेला कोळसा जाळीत भरून मध्ये खळगा केला. चिमणीत वीसेक तुकडे रस्त्याकडेलाच पेटवले, राखेची पांढरी साय धरेपर्यंत थांबलो, आणि ते खळग्यात ओतले. अशा रचनेत पेटलेला कोळसा शेजारच्याला हळूहळू पेटवत जातो, सगळा एकदम भडकत नाही, आणि पाच-सहा तास पुन्हा भरावा लागत नाही. पाण्याच्या भांड्यात उकळतं पाणी, तेही ३ लिटरच. लाकूड कोरड्या आंब्याचं, मुठीएवढे दोन तुकडे, बस. वरची झडप पूर्ण उघडी, दिवसभर. तापमान सांभाळायचं ते फक्त खालच्या झडपांनी.

नऊ पाचला काटा ११० वर आला. धूर बघायला मला झाकणामागे काळी छत्री धरावी लागली, इतका तो विरळ होता. मटण चढवलं तेव्हा गाभा ४१ होता. दहा वाजून पाच मिनिटांनी ६१. तेव्हा कुठे आम्ही चहा घेतला.

पावणेअकराला कोंबडी आत गेली, खालच्या जाळीवर. मटण वरच्या जाळीवर राहू दिलं. कच्च्या कोंबडीचं पाणी होत आलेल्या मटणावर ठिबकू नये म्हणून हा क्रम असाच हवा.

दुपारचा पेच

अकरा चाळीसला रान ६९ वर होतं. बाराला ६९. सव्वाबाराला ६९. मित्र पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघायला लागला, आणि प्रत्येक वेळी उष्णता बाहेर गेली. शेवटी वडिलांनी झाकणापाशी खुर्ची टाकली आणि तेच बसून राहिले.

याला इंग्रजीत 'स्टॉल' म्हणतात. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मांसाला घाम सुटतो. ते पाणी पृष्ठभागावरून उडून जाताना मांसाला गार करतं. बाहेरून येणारी उष्णता आणि वाफेबरोबर जाणारी उष्णता यांची बरोबरी होते आणि काटा तासन् तास अडतो. चौथ्या ठिकाणची ओल ही. यात बिघडलेलं काही नसतं. पण एक वाजता पाहुणे येणार असतील तर ते ऐकून धीर येत नाही.

पुन्हा पर्याय. आच वाढवायची? पाण्याचं भांडं रिकामं केलं तर तापमान भराभर चढतं, पण पेटत्या निखाऱ्यांवरून उकळत्या पाण्याचं भांडं उचलायला मी कुणालाच सांगणार नाही. मांस गुंडाळायचं? गुंडाळलं की घाम उडू शकत नाही आणि काटा पुन्हा चढायला लागतो. पण तरी दोन-अडीच तास हवेच होते. जेवण पुढे ढकलायचं? ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या वेळा होत्या.

तेवढ्यात मित्राची आई बाहेर आली. त्यांनी फऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याला धूर लागलाय ना एवढा? मग द्या माझ्याकडे. तीन शिट्ट्यांत करते." मला हे आधी सुचायला हवं होतं. मांस धुराचा स्वाद घेतं ते मुख्यतः सुरुवातीच्या काही तासांत, पृष्ठभाग गार आणि ओलसर असताना. दुपारपर्यंत फऱ्यात जे मुरायचं ते मुरलं होतं. उरलं होतं ते शिजणं, आणि ते कुकरमध्ये होऊ शकत होतं.

मग वाटणी केली. फरा हाडासकट तोडून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला लावला. रानाला आधी केळीच्या पानात, मग दुहेरी फॉइलमध्ये अर्धी वाटी अळणी, म्हणजे मटणाचं साधं पाणी, घालून घट्ट गुंडाळलं आणि परत ठेवलं. खालच्या झडपा पूर्ण उघडून आच १३५ पर्यंत नेली.

निष्पत्ती

एक दहाला कोंबडीच्या मांडीच्या सांध्यापाशी ७७ अंश भरले. कोंबडीला ७४ च्या वर जायलाच हवं. पावणेदोनला पानं वाढली. कोंबडी, फऱ्याचा रस्सा, भाकरी. पंक्तीत सगळ्यात आधी संपला तो रस्सा. कोळशावर शिजवलेल्या मटणाचा वास आणि घरच्या वाटणाची चव एकाच वाटीत, असं मीही पूर्वी खाल्लं नव्हतं.

रान तीन पंचविसाला ९२ वर पोचलं. हाड बोटांनी गोल फिरवलं तर अडखळलं नाही. फॉइलसकट जुन्या चादरीत लपेटून स्टीलच्या डब्यात अर्धा तास ठेवलं, म्हणजे रस पुन्हा मांसात जिरतो. चार वाजता उरलेल्या दहा-अकरा जणांनी ते खाल्लं. कापल्यावर कडेने बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी गुलाबी कड होती. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या लाल रंगद्रव्याला धरून ठेवतो, त्याने ती येते. एका पाहुण्यांना ती कच्ची वाटली, त्यांना थर्मामीटर दाखवला. सकाळी डांबरट झालेल्या बाजूचा पातळ काप मात्र काढून टाकावा लागला. पुसूनही कडवटपणा गेला नव्हता.

आजींना दुपारपर्यंत बरं वाटलं. पण सकाळी तासाभराहून जास्त त्यांना झालेला त्रास खरा होता, आणि जेवण कितीही चांगलं झालं तरी तो नोंदीतून वगळता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय आदल्या संध्याकाळी होता. दोन कोळसे वाजवून बघितले असते तर दुकानं उघडी असतानाच नवं पोतं आणता आलं असतं. ओला कोळसा वायाही जात नाही. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरला की पुन्हा खणखणतो. ऑक्टोबरच्या उन्हाचा तेवढा उपयोग नक्की आहे.

दुसरं, शेजाऱ्यांना आधी सांगणं. दम्याच्या माणसाला एक दिवस आधी कळलं तर खिडक्या, औषधं, मागची खोली याची तयारी होते. चौकाभोवतीच्या घरांत कोळसा पेटवायची जागा अंगण नाही, रस्त्याची कड आहे. पांढरा धूर येतो तो पेटवतानाच. पेटलेला कोळसा आत आणला की चौकाला त्रास जवळजवळ होत नाही.

तिसरं, वेळेचा हिशोब. स्मोकरसोबत येणारी वेळापत्रकं डुकराच्या खांद्यासाठी किंवा गाईच्या छातीच्या मोठ्या, चरबीदार तुकड्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्या बकऱ्याच्या रानात चरबी फार कमी. ते स्टॉलमध्ये उघडं ठेवून थांबण्यात राम नाही, वाळून जातं. ते ६५ लाच गुंडाळायला हवं, काटा अडायची वाट न बघता. माझी चूक इथे आहे: मी अकरा चाळीसलाच गुंडाळायला सांगायला हवं होतं. सकाळच्या धावपळीनंतर मी आणखी काही बदलायला कचरलो आणि पाऊण तास गेला.

टोच्यांबद्दल वडिलांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, टोचल्याशिवाय मीठ हाडापर्यंत जात नाही. मी म्हणतो, दोन रात्री आधी मीठ लावा, आपोआप जातं. मंद आचेवर शिजवायचं मांस टोचू नये, या मतावर मी ठाम आहे.

दिवाळीनंतर मित्राने पुन्हा रान केलं, या वेळी शनिवारी. दुपारी तीनला, खाडीवरून वारा सुटल्यावर चढवलं, रात्री दहाला उतरवलं, तुकडे पसरट थाळ्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवले, आणि रविवारी स्वतःच्याच रसात वाफाळेपर्यंत गरम करून वाढले. पाहुण्यांच्या घड्याळाशी विस्तवाचा संबंधच उरला नाही. कोळसा आता घट्ट झाकणाच्या पिंपात असतो. शुक्रवारी संध्याकाळी तो त्यातले दोन तुकडे काढून वाजवतो, आणि मग समोरच्या घरी सांगायला जातो.